फाक्योचा अबोला

समाधानचा दहावा झाला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईनं, सारजाबाईनं, घरातली सगळी माणसं ओट्यावर बोलावली. डोळ्यात टिपूस न्हाई. पदर खोचून भांडायला बसल्यासारखी बसली अन् म्हणली, "माझ्या पोराचा कुनाकुनाशी अबोला व्हता, त्येवढं सांगा. एक बी नाव सुटता कामा न्हाई."

त्यांच्या घरात ही रीत हाय. चाकणच्या आसपास दुसऱ्या कुणाकडं असंल-नसंल, त्यांच्याकडं हाय. गेलेल्या माणसाशी ज्याचं बोलणं तुटलेलं असतं त्याला तेराव्याला बोलवायचंच. गोडाचं ताट वाढायचं, अन् त्यानं घास मोडायच्या आधी फोटोकडं बघून म्हणायचं, "माझं काई न्हाई." बस, एवढंच. मग जेवायचं. शेवटचा माणूस तसं म्हणत न्हाई तवर घरचं कुणी गोडाला हात लावत न्हाई. एक जरी राहिला तर गेलेला माणूस उंबऱ्यावर अडकतो, आत येत न्हाई अन् पुढं बी जात न्हाई, असं सारजाबाईचं म्हणणं.

समाधानची थोरली बहीण इंदुताई म्हणली, "आई, त्यापेक्षा कुनाशी बोलत व्हता ते इचार. लवकर उरकंल."

सुतकाच्या घरात माणसं हसली. हसतील न्हाई तर काय. नाव समाधान ठेवलं होतं, पण त्याला आयुष्यात एका गोष्टीचं समाधान झालं असंल तर शपथ.

पीठगिरणीवाल्याशी अबोला, कारण त्यानं बाजरी दळल्यावर जातं न झाडता ह्याचे गहू टाकले. चुलत्याशी अबोला, कारण चुलत्यानं बांधावरचं बाभळीचं झाड न विचारता तोडलं. इंदुताईचा नवरा कोंडीराम, त्याच्याशी तर लग्नाच्या मांडवातच तुटलं. कोंडीराम म्हणला होता, "मेव्हणे, जरा सरकून बसा." हा उठला तो उठलाच. अन् कंपनीतला सुपरवायझर. एका टूलरूममध्ये, एका टेबलाला दोघं, अन् चार वर्षं तोंडातनं शब्द न्हाई. काय सांगायचं झालं तर लोखंडावर खडूनं लिहायचे. सुपरवायझर लिहायचा "अर्जंट". हा खाली लिहायचा "मग काल झोपला होता का".

पण एक सांगितलं पाहिजे. अबोला धरला म्हणून समाधाननं कुणाचं काम कधी अडवलं न्हाई. चुलत्याची मोटर बिघडली की हा पाने घेऊन जायचा, मोटर खोलायचा, बसवायचा, चालू करून दाखवायचा अन् चहाचा कप तसाच ठेवून यायचा. चुलता ओरडायचा, "आरं बोल की मुडद्या!" हा चालायला लागायचा.

अशी नावं निघत गेली. तेवढ्यात सैपाकघराच्या दारातनं समाधानची बायको पुनम म्हणली, "माझं पन नाव घ्या."

सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"पंधरा दिवस बोलत नव्हते माझ्याशी," पुनम म्हणली. "मी म्हनलं होतं, त्या म्हाताऱ्याशीच लगीन लावा, त्याला घेऊन नांदा. त्याच्यावरनं."

सारजाबाईनं मान हलवली. पुनमचं नाव धरलं. मग म्हणली, "अन् त्यो म्हातारा. त्यो बी."

आता इंदुताई उसळली. "त्याला बोलवायचं न्हाई! त्यानंच मारलाय माझा भाऊ. त्याला गोड खाऊ घालनार तू?"

"रीत हाय."

"चुलीत गेली रीत."

"तू जायचं त्याच्याकडं," सारजाबाई म्हणली. "तूच जायचं. थोरली हायस."

म्हातारा म्हणजे कोण अन् त्यानं समाधानला मारलं म्हणजे काय, ते आता सांगायला पाहिजे. त्यासाठी थोडं मागं जावं लागतंय.

समाधान दहावी झाला, आयटीआय केलं अन् चाकणच्या कंपनीत टूलरूमला लागला. पत्र्याला दाबून आकार देणारा जो लोखंडी साचा असतो त्याला डाय म्हणतात. ती घासायची, दुरुस्त करायची, हे त्याचं काम. हात चांगला होता. तोंड वाईट होतं. मग कंपनीत जर्मनीचा मोठा प्रेस आला. मशीनवरचं सगळं जर्मनमध्ये. कंपनीनं टूलरूमची माणसं आकुर्डीला जर्मनच्या क्लासला धाडली. बाकीचे झोपा काढायला गेले. समाधान भांडायला गेला. ह्या शब्दाला असंच का म्हणायचं, तसं का न्हाई, कुणी ठरवलं?

शिकवायला होते दादासाहेब. कॉलेजातनं रिटायर झालेले, रावेतला टॉवरमध्ये राहणारे, बारीक, ताठ. त्यांना असा माणूस पाहिजेच होता. त्यांनी जर्मन बाजूला ठेवलं अन् ह्याला शब्दांचे आजे-पणजे दाखवायला सुरुवात केली. आपल्या आई-बापाच्या भाषेचा आजा अन् जर्मनचा आजा लांबनं भाऊभाऊ. इटलीत लॅटिन होती, तिच्या आजूबाजूला अजून बहिणी होत्या, त्या सगळ्या मेल्या. अन् त्यांची आई तर त्यांच्या आधीच मेली, एक अक्षर न लिहिता. कुणी ऐकली न्हाई, कुणी वाचली न्हाई. लेकींच्या बोलण्यावरनं आई कशी बोलत असंल ते शोधून काढायचं. जगात माणसं हेच करत बसतात. इंटरनेटवर त्याच्यासाठी एक जागा हाय, तिथं कुणीही लिहू शकतं अन् कुणीही दुसऱ्याचं खोडू शकतं.

कुणीही दुसऱ्याचं खोडू शकतं. समाधानला अजून काय पाहिजे?

त्या मेलेल्या आईच्या भाषेतला एक शब्द त्यानं धरला. 'करणे'. मी करतो, तू करतोस, तो करतो. फाक्यो, फाकिस, फाकित. जेवताना म्हणायचा, आंघोळीला म्हणायचा. कंपनीतल्या पोरांनी त्याचं नावच पाडलं. "ए फाक्यो, चहा!" "ए फाक्यो, साहेब बोलावतोय!" त्याला राग यायचा न्हाई. तेवढ्याच एका गोष्टीचा आला न्हाई.

एका रविवारी तो इंदुताईकडं आला. कोंडीरामकडं बघितलं न्हाई, थेट ओट्यावर बसला अन् खिशातनं दोन लोखंडी पट्ट्या काढल्या, झिजलेल्या.

"ताई, ह्या दोन्ही एकाच डायमधनं निघाल्यात. डाय भंगारात गेली. तिचं ड्रॉइंग न्हाई. मला ती डाय परत बनवायचीय. सांग, कशी बनवू?"

इंदुताई वायरिंगच्या कंपनीत लाइनवर. ती म्हणली, "दोन्हीचं माप घे, मधलं धर. हाय काय न्हाय काय."

"हाच! हाच गाढवपना सगळे करत्यात!" समाधान मांडीवर थाप मारून म्हणला. "मधलं धरलं की दोघींचं वाटोळं. झीज एकाच बाजूनं व्हती. कुठं झिजलंय ते बघायचं, अन् कुठं मागनं कुनी वेल्डिंग भरलंय ते बघायचं. भरलेलं असतं ना, ते मुळापेक्षा जास्त चमकतं. त्यालाच लोक मूळ समजत्यात."

"अन् हे मला कशाला सांगतोस?"

"कारन त्या म्हाताऱ्याला कळंना."

भांडण असं होतं. 'त्यानं केलं' हे त्या मेलेल्या भाषेत कसं म्हणत होते? दादासाहेब म्हणायचे, "फेकेद". समाधान म्हणायचा, "फेफाकेद". मधल्या एका 'फा'साठी दोघं भांडायला उठले. दादासाहेबांचं म्हणणं, लॅटिनवाले 'फा' लावत न्हाईत, लांबच्या ग्रीकांकडं बी तसाच बिन-'फा'चा शब्द हाय, म्हणजे तेच जुनं, 'फा' मागनं भरलेलं वेल्डिंग. समाधानचं म्हणणं उलटं. त्याच्याकडं एक पुरावा होता अन् तो त्याच्यावर जीव टाकायचा. इटलीत एक सोन्याची पिन सापडलीय, कपड्याला लावायची. तिच्यावर कोरलंय, मानिओसनं मला केलं, नुमासिओससाठी. तिथं 'केलं'ला 'फा' हाय, अन् लॅटिनच्या एका मेलेल्या बहिणीकडं बी हाय. किती वर्षं लोक म्हणत होते, पिन खोटी हाय. मग नीट तपासली, तर खरी निघाली.

"पिन बोलतीय, ताई," तो म्हणायचा. "मला अमक्यानं केलं, म्हणतीय. आमी डायच्या आतल्या बाजूला आमचं अक्षर ठोकतो पंचनं, साहेबाला दिसत न्हाई असं. तसंच. अन् ह्या म्हाताऱ्यानं ते खोडलं!"

ह्यानं लिहायचं, म्हाताऱ्यानं खोडायचं. म्हाताऱ्यानं लिहायचं, ह्यानं खोडायचं. तिसऱ्या शिफ्टला कंपनीत, दिवसा फोनवर. झोप न्हाई. पुनम रडायची, भांडायची, शेवटी तिच्याशी बी अबोला. अन् एका सकाळी शिफ्टवरनं येताना तळेगाव रस्त्याला त्याची गाडी कंटेनरखाली गेली. बघणारे म्हणले, डोळा लागला असंल.

इंदुताईनं त्याच दिवशी मनात धरलं. कंटेनरवाल्याचा तिला राग आला न्हाई. त्या म्हाताऱ्याचा आला. एका 'फा'साठी माझ्या भावाची झोप खाल्ली, भाऊ खाल्ला. आता आई म्हणत असंल जा तर जाते. पण बोलवायला न्हाई जाणार. माझ्या भावाची ओळ पुसलीय ती परत लावून घेणार, हात धरून लावून घेणार. मेला तर मेला, त्याचं म्हणणं तरी जागेवर राहील.

ती रावेतला गेली. टॉवरच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "कुठल्या फ्लॅटला? कामाला का?"

"भांडायला," इंदुताई म्हणली. "लिही तसंच."

दार एका बाईनं उघडलं. दादासाहेबांची बायको, यशोदाबाई. इंदुताईला बघितलं अन् म्हणल्या, "समाधानची बहीण ना तुम्ही? नाक तेच आहे." अन् आत ओरडल्या, "अहो! तुमच्या शत्रूच्या घरून आलेत!"

आतनं आवाज आला, "बहिणीला पाठवलं का? स्वतःला यायला काय झालं? दहा-बारा दिवस उत्तर नाही. हरला म्हणून तोंड लपवून बसलाय, सांगा त्याला. मी रोज लिहितोय त्याला. रोज! 'काय समाधानराव, वेल्डिंग सुटलं का?' एक शब्द नाही उलट!"

इंदुताई दारातच थांबली. तिच्या ध्यानातच नव्हतं हे. ह्याला कुणी सांगितलंच न्हाई. कोण सांगणार? घरचं कुणी ओळखत नव्हतं, अन् पुनम तर फोनला हात लावायला तयार नव्हती. तो फोन कपाटात पडून होता अन् हा म्हातारा रोज त्याला टोमणे धाडत होता.

"समाधान गेला," ती म्हणली.

"कुठे गेला?"

"वारला. शिफ्टवरनं येताना."

यशोदाबाईंनी दाराची चौकट धरली. इंदुताई आत गेली. दादासाहेब कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर उलटे पडलेले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

इंदुताईनं सांगितलं. दया येऊ लागली तशी तिनं ती दाबून टाकली, कारण ती दया करायला आली नव्हती. ती म्हणली, "तुमच्याशी भांडून भांडून त्याला झोप न्हाई. पेंगत गाडी चालवत व्हता. तुमी मारलंत त्याला. आता एक करा. त्याची जी ओळ तुमी खोडली ती परत लावा. माझ्यासमोर लावा. मला वाचायला येतं."

दादासाहेबांनी कॉम्प्युटर चालू केला. इंदुताई मागं उभी राहिली. पडद्यावर सगळं इंग्लिश, मधे मधे वाकडी-तिकडी अक्षरं, कुठल्या तरी कोष्टकात. एका जागी येऊन त्यांचं बोट थांबलं. बटणावर ठेवलेलं, दाबायचं बाकी.

मग त्यांनी बोट उचललं.

"नाही," ते म्हणाले.

"न्हाई म्हंजी?"

"चूक आहे ते. तो गेला म्हणून बरोबर होत नाही."

"लाज वाटती का तुम्हाला?" इंदुताईचा आवाज सगळ्या टॉवरला गेला असंल. "एक अक्षर हाय! एक! तुमच्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं काही जात नाही. त्याचं जातं." दादासाहेबांचा आवाज पण चढला. "मी आज लावलं तर ती भीक होईल. त्याला भीक चालली असती का? मला तोंडावर थुंकला असता तो!"

"तो आता थुंकनार न्हाई!"

"म्हणूनच! आता मला खोडायला कोणी नाही. मग मलाच नीट वागायला नको?"

यशोदाबाई मधे आल्या. नवऱ्यावर ओरडल्या, "गप्प बसा हो, तिचा भाऊ गेलाय!" अन् मग इंदुताईकडं वळल्या, अन् त्यांचा आवाज गोड नव्हता. "आणि तुम्ही पण ऐका बाई. ह्यांनीच त्रास दिला असं घेऊन जाऊ नका घरी. ह्याच खुर्चीत बसून तुमचा भाऊ म्हणाला होता, 'सर, तुमचं डोकं रिटायर झालंय, भंगारात घाला, किलोनं जाईल.' क्लासची पोरं बसली होती समोर. पोहे तसेच ठेवले मी. आणि त्याच दिवशी ह्यांनी लिहिलेलं होतं नव्हतं तेवढं एका बैठकीत पुसलं त्यानं. 'फा'चा काही संबंध नाही, ते पण. वर्षांचं काम. ह्यांना दोन दिवस ताप होता."

इंदुताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण खोटं वाटलं न्हाई. किलोनं जाईल हे बोलणं त्याचंच होतं, ते दुसऱ्याला सुचणार न्हाई.

ती दाराकडं निघाली. चपला घालता घालता म्हणली, "आईनं तेराव्याला बोलावलंय. आमची रीत हाय, बोलनं तुटलेल्यानं येऊन 'माझं काई न्हाई' म्हनायचं, अन् गोड जेवायचं. निरोप दिलाय. माझं म्हननं, येऊ नका."

घरी आल्यावर सारजाबाईनं विचारलं, "सांगितलंस का?"

"सांगितलं."

"येतोय का?"

"न्हाई."

"तू काय म्हनलीस त्याला?"

इंदुताईनं चपला काढल्या. आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

तेराव्याला अंगणात मांडव टाकला. समाधानचा फोटो खुर्चीवर, कंपनीच्या आयकार्डावरचाच मोठा करून घेतलेला, त्यात पण कुणावर तरी चिडल्यासारखा. सारजाबाईनं पुनमला आधी उभं केलं. पुनमनं फोटोकडं न बघता, भिंतीकडं बघून म्हणलं, "माझं काई न्हाई," अन् ताट न घेताच आत गेली.

मग चुलता आला. "माझं काई न्हाई." पाण्याचा घोट घेतला, शेजारच्याला म्हणला, "आता मोटर कोन बघनार?" गिरणीवाला आला. "माझं काई न्हाई बाबा." बसला. कोंडीराम उभा राहिला, खाकरला, "माझं काई न्हाई, मेव्हणे," अन् सरकून बसला. सुपरवायझर आला, भारी शर्ट, फोन कानाला. फोनवर म्हणला, "एक मिनिट होल्ड कर," फोटोकडं बघून म्हणला, "माझं काही नाही," अन् फोन परत कानाला लावून म्हणला, "हां, बोल. मटेरियल आलं का?" अन् बसल्या बसल्या वाढपी पोरीला खूण केली, जिलबी अजून.

इंदुताई वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली. चार वर्षं, ती मनात म्हणली. चार वर्षं एका टेबलाला. अन् ह्याचं काई न्हाई.

ऊन डोक्यावर आलं अन् फाटकाशी रिक्षा थांबली. दादासाहेब उतरले, मागनं यशोदाबाई. पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. इंदुताईनं पळी पातेल्यात टाकली अन् पुढं झाली, घालवूनच द्यावं म्हणून. पण सारजाबाई आधी पोचली. दादासाहेबांना हाताला धरून आणलं, फोटोसमोर पाटावर बसवलं. ताट आणलं, स्वतः वाढलं.

"म्हना," सारजाबाई म्हणली. "शेवटचं तुमीच राहिलाय."

दादासाहेबांनी फोटोकडं बघितलं. मांडव वाट बघत होता. घरच्यांनी सकाळपासनं गोड खाल्लं नव्हतं, पोरं जिलबीकडं बघत होती.

"मला ते म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"माझं आहे."

कुजबुज झाली. कोंडीराम म्हणला, "ओ काका, म्हनून टाका की. तोंडानं म्हनायचंय नुसतं. कोन बघाया येतंय?"

"तोंडानं म्हणायला तुम्हाला जमतं. मला नाही जमत."

चुलता गरजला, "मग आलात कशाला आमच्या मयताच्या घरी? जेवायला?"

"उत्तर द्यायला आलोय," दादासाहेब म्हणाले, अन् ते चुलत्याकडं बघतच नव्हते, फोटोकडं बघत होते. "नाही, उत्तर नाहीये. तेच सांगायला आलोय. ऐक रे. तू शेवटचं विचारलंस ना, की 'फा' वेल्डिंग असेल तर दोन वेगळ्या बहिणींच्या घरात, एकमेकींपासून लांब, ते एकाच जागी कसं भरलं? दोघी चोरून भेटल्या होत्या का, विचारलंस. तेव्हापासून शोधतोय. सापडत नाही. म्हणून मी रोज टोमणे मारत होतो, कळलं का? उत्तर नव्हतं म्हणून. पण ह्याचा अर्थ तू बरोबर आहेस असा नाही! लॅटिनचं काय करणार आहेस? ग्रीकचं काय? सांग ना! आता बसलास गप्प! सोयीचं झालं तुला!"

म्हातारा ओरडत होता. मेलेल्या माणसाच्या फोटोवर, तेराव्याला, भर मांडवात. यशोदाबाई त्यांचा शर्ट ओढत होत्या. चुलता उठून आला, "उठा! उठा आधी!" सुपरवायझरनं कॉल कट केला अन् व्हिडिओ काढायला लागला. इंदुताईनं त्याच्या हातावर अशी चापट मारली की फोन आमटीत पडला.

"काढ आता," ती म्हणली.

मग सारजाबाई बोलली. ओरडली न्हाई, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आवो, पन माझं पोर मग उंबऱ्यावर अडकंल की. तुमचं असंल कायबी, माझ्या पोराला सोडा."

दादासाहेब तिच्याकडं वळले. त्यांचे ओठ हलले. आता ते म्हणणार, सगळ्यांना दिसलं. आईसाठी म्हणणार.

"म्हनू नका," इंदुताई म्हणली.

सारजाबाईनं वळून बघितलं.

"म्हनू नका काका. आई, राहू दे. हे बघ इथं बसलेत, एका रांगेत. कुनाचंच काई न्हाई. झाडाचं न्हाई, गव्हाचं न्हाई, चार वर्षांचं न्हाई. जिलबी खाल्ली, संपला समाधान. एकाचं तरी असू दे की. एकाचं तरी कायतरी बाकी असू दे त्याच्याशी." ती दादासाहेबांवरच ओरडली, "अन् तुमी! ओळ लावू नका. बिलकूल लावू नका. शोधा उत्तर. नीट शोधा. न्हाई सापडलं तर मान खाली घालून लावायची, कळलं?"

"कळलं," दादासाहेब म्हणाले. "पण सापडेल."

"बघू."

सैपाकघराच्या दारात पुनम उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. तिनं तो खाली ठेवला, चालत मांडवाच्या मधे आली अन् पहिल्यांदा फोटोकडं नीट बघितलं.

"मी मगाशी खोटं बोलले," ती म्हणली. "माझं हाय. लई हाय. पंधरा दिवस बोलला न्हाईस अन् तसाच गेलास. मी न्हाई सोडनार."

बायकांनी सारजाबाईकडं बघितलं. घरची रीत तिच्या सासूची, तिच्या सासूच्या सासूची, अन् दोघांनी भर मांडवात मोडली होती, तिसरी मोडायला लावत होती. सारजाबाई इंदुताईकडं बघत राहिली. अशी बघत होती की इंदुताईला वाटलं, झालं, आता माझ्याशी बी आईचा अबोला.

सारजाबाई फोटोकडं वळली.

"घे," ती लेकाला म्हणली. "दोघं झाली तुझी. बस आता उंबऱ्यावर. बस भांडत."

अन् तिनं पुनमचा हात धरून तिला दादासाहेबांच्या शेजारच्या पाटावर बसवलं, तिच्यापुढं ताट सरकवलं अन् दोघांवर खेकसली, "खावा आता. थंड झालं सगळं."

दादासाहेबांनी आमटीत पोळी बुडवली, एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले.

"आमचं असंच असतंय," इंदुताई म्हणली, अन् त्यांच्या वाटीत अजून एक पळी आमटी ओतली.